चौदा जीएसएमची स्ट्रॉबेरी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. "भावजी, जरा घरी येऊन जाता का? फोनवर बोलण्यासारखं नाही." आमच्या घराण्यात फोनवर बोलण्यासारखं नसतं ते एक तर जमिनीचं असतं, नाही तर मुलीचं. दादाला जमीनही नाही आणि मुलगीही नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो आणि प्रूफ तसंच टाकून निघालो. (त्या गडबडीत नवऱ्या मुलाच्या मामांचं आडनाव चुकीचं छापलं गेलं. मामा अजून बोलत नाहीत.)

वहिनींनी देवघराचा खालचा खण उघडला, उदबत्त्यांच्या पुड्यामागून एक चपटं पाकीट काढलं आणि मेलेलं झुरळ धरावं तसं दोन बोटांत धरून माझ्यापुढे केलं. पाकिटावर लालभडक स्ट्रॉबेऱ्या. एक अख्खी, एक अर्धी कापलेली.

"पोराच्या जीन्सच्या खिशात होतं. मला आधी वाटलं, च्युइंगम. उघडलं तर आत नुसते कागद. मग वाटलं, केकच्या भांड्याला लावतात तो बटर पेपर. पण एवढासा केक करतं कोण? म्हटलं भावजींना दाखवावं. तुम्ही कागदातले जाणकार, आणि..."

'आणि'नंतर वहिनी थांबल्या. ते वाक्य मला पाठ आहे. आणि बावीस वर्षं तुम्ही सिगारेटी ओढलेल्या. म्हणजे माझी नेमणूक दोन पात्रतांवर झाली होती. घरात कागद आणि धूर या दोन्ही विषयांत शिकलेला माणूस मीच.

"सिगारेट वळायचा कागद आहे हा," मी म्हणालो. "तंबाखू आत भरायची, गुंडाळायची, चाटून चिकटवायची."

"मग स्ट्रॉबेरी कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढचे तीन दिवस लागले.

पुतण्याला गच्चीवर गाठला. त्याने पहिलं वाक्य अपेक्षेप्रमाणेच टाकलं, "माझं नाहीये काका, मित्राचं आहे." १९८४ साली माझ्या खिशात विल्सचं पाकीट सापडलं होतं तेव्हा तेसुद्धा याच मित्राचं होतं. चाळीस वर्षं झाली, पण त्या मित्राचं वय वाढत नाही आणि त्याला स्वतःचा खिसाही मिळत नाही. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "कागद चांगला आहे रे. वॉटरमार्क आहे यात." पोरगा विरघळला. खाली जाऊन बुटांचा एक रिकामा खोका घेऊन आला.

खोक्यात काय नव्हतं? स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, आंबा, पुदिना, चॉकलेट. बिनधुतलेला, म्हणजे ब्लीच न केलेला, गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचा कागद. काचेसारखा आरपार दिसणारा कागद, जो कागद नसून सेल्युलोजची फिल्म आहे. आधीच वळून ठेवलेले शंकू. वळणाऱ्याचे हात थरथरत असतील तर छोटं यंत्र. फिल्टरसाठी पुठ्ठ्याच्या चिंचोळ्या पट्ट्यांची वही. एक काचेची नळी, मखमली पिशवीत. आणि या सगळ्याच्या तळाशी, कोपऱ्यात दबलेली, तंबाखूची चिमूटभर पुडी. मांडव, बँड, रुखवत सगळं जागच्या जागी, आणि नवरदेव जिन्याखाली बसलेला.

डॉक्टर आणि बायको या दोघांनी मिळून माझा धूर बंद केलेला असल्यामुळे मला हे कागद ओढून बघता येत नव्हते. पण छापखानेवाल्याला कागद तपासायला तो ओढावा लागत नाही. आम्ही कागद आधी कानाशी नेऊन फडफडवतो, मग उजेडात धरतो, मग एक कोपरा फाडून ग्रेन कुठल्या बाजूला जातोय ते बघतो. हा कागद कानाशी फडफडवला तर आवाजच नाही. झेरॉक्सचा कागद पंच्याहत्तर जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला पंच्याहत्तर ग्रॅमचा, वर्तमानपत्राचा पंचेचाळीसच्या आसपास, आणि हा जेमतेम चौदा. एवढा पातळ कागद मी आयुष्यात मशीनला लावलेला नाही. लावला असता तर तो रोलरभोवती गुंडाळला गेला असता. एका अर्थी त्याचा धर्मच तो.

मापाबद्दल बोलायला हवं. लहान कागद सत्तर मिलिमीटरचा, मोठा 'किंग साइज' एकशेदहाच्या आसपास. आणि मधला एक आहे त्याला हे लोक 'वन अँड अ क्वार्टर' म्हणतात. म्हणजे सरळ मराठीत सव्वा. मी खिशातली फूटपट्टी काढली. सत्तरची सव्वापट साडेसत्याऐंशी. भरले अठ्ठ्याहत्तर. पुतण्या म्हणाला, "काका, ते तसं नसतं. ते नुसतं म्हणायचं असतं." जगात कुठल्याही दुकानात सव्वा म्हणून अठ्ठ्याहत्तर दिले असते तर बाजारपेठेत मारामारी झाली असती.

पण पाकिटांनी मला जिंकलं. विशेषतः जुन्या फ्रेंच घराण्यांच्या. एक पाकीट आहे 'रिझला'. 'रिझ' म्हणजे फ्रेंचमध्ये तांदूळ, त्यापुढे 'ला' आणि त्यापुढे क्रूसाचं चित्र, कारण मालकांचं आडनाव लाक्रुआ, म्हणजे क्रूस. अर्धं आडनाव अक्षरांत आणि अर्धं चित्रात. आमच्याकडे कुणी 'वाघमारे'तला वाघ चित्राने काढून पत्रिका मागितली तर मी दुप्पट पैसे घेईन. या लाक्रुआंनी पुदिन्याचा आणि स्ट्रॉबेरीचा कागद १९०६ सालीच काढला होता. म्हणजे वहिनींनी ज्याला आजकालच्या पोरांची थेरं म्हटलं ती थेरं टिळक मंडालेला जाण्याच्या दोन वर्षं आधीची आहेत.

दुसरं त्याहून भारी. पेर्पिन्याँ गावचे झां बार्दू १८३८च्या सुमारास कागदाच्या छोट्या वह्या विकायला लागले. वहीवर आपली आद्याक्षरं टाकली, 'जे' आणि 'बी', आणि मध्ये शोभेला शंकरपाळ्याच्या आकाराचा एक चौकोन. गिऱ्हाइकांनी तो शंकरपाळा 'ओ' म्हणून वाचला आणि मालाचं नाव पडलं 'जॉब'. मालकाने प्रूफ दुरुस्त केलं नाही, नावच बदलून घेतलं. हे वाचून माझे डोळे भरून आले. चाळीस वर्षांत माझ्या एकाही चुकीचं एकाही गिऱ्हाइकाने असं सोनं केलं नाही. त्या मामांनी तर नाहीच नाही. याच जॉबसाठी आल्फोन्स मुखाने १८९६ साली एक भित्तिपत्र केलं, लिथोवर. केसांचा पूर आलेली बाई, डोळे मिटलेले, हातात सिगारेट. केस इतके की सिगारेटची ठिणगी पडली तर काय, एवढीच काळजी बघणाऱ्याला वाटावी. छपाई म्हणजे काय ते बघायचं असेल तर ते चित्र बघावं, तंबाखूकडे दुर्लक्ष करून.

आता चाखणी. स्वाद कुठे असतो हा माझा मुख्य प्रश्न होता. कागदाच्या कडेला डिंकाची बारीक रेघ असते. हा डिंक बाभळीच्या भाऊबंद झाडांचा. वहिनी बाळंतिणीच्या लाडवात डिंक घालतात तोही याच गोतावळ्यातला. मी एकेक कागद काढून कड चाटत गेलो. आंबा: लहानपणी मिळायच्या त्या पिवळ्या गोळीसारखा, म्हणजे ज्याने आंबा फक्त फोटोत बघितलाय त्याने केलेला आंबा. ब्लूबेरी: मी खरी ब्लूबेरी कधी खाल्लेली नाही, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. चॉकलेट: वरून कोको, मागून पुठ्ठा. पुदिना बरा. स्ट्रॉबेरी ही महाबळेश्वरची नव्हे, लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधातली. सात कागद चाटून झाल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटली आणि पुतण्याला वाटलं काका भावनावश झाले.

मग जाळणी. पुतण्याने नुसता कोरा कागद, आत काही न भरता, काडीने पेटवला. बिनधुतलेला कागद सरळ रेषेत, शांतपणे जळत गेला. ही करामत कागदात घातलेल्या खडूच्या पुडीची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. खडू किती घालायचा यावर कागद भसकन जळणार की सावकाश हे ठरतं. स्ट्रॉबेरीचा पेटवला तेव्हा पहिला सेकंदभर सुगंध आला. मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरात मुरंबा करपल्याचा. मग नुसता कागद जळल्याचा. शेजारच्या गच्चीवरच्या आजींनी मान वर करून विचारलं, "काय रे, मीटर जळतंय का तुमचं?"

म्हणजे हिशेब असा: चाटताना स्ट्रॉबेरी, ओठांना लावताना स्ट्रॉबेरी, पाकिटावर तर दीड स्ट्रॉबेरी. झुरका घेतल्यावर धूर तो धूरच. कागद तांदळाचा असो, तागाचा असो, जळला की कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर ठरलेलं. 'ऑरगॅनिक' असं हिरव्या अक्षरांत छापल्याने त्यात फरक पडत नाही. हिरवी शाई मीही विकतो.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या जुन्या टपरीवर गेलो. टपरीवाल्या मामांनी ओळखलं. "साहेब! परत?" मी म्हटलं, "नाही, अभ्यासाला." पूर्वी टपरीच्या कपाळावर गुटख्याच्या माळा लटकायच्या. २०१२च्या बंदीनंतर त्या माळा दिसेनाशा झाल्या आणि आता तिथे या कागदांच्या पाकिटांची तोरणं आहेत. खांबाला तोच पेटता सुंभ, पीळ शाबूत. सिगारेटच्या पाकिटाचा पंच्याऐंशी टक्के भाग त्या भयाण फोटोने व्यापलेला, आणि शेजारी कागदाच्या पाकिटावर हसरी फळं. का, तर आत तंबाखू नाही. कायद्याच्या दृष्टीने तो कागद आहे, मी छापतो त्यातलाच. २०२०पासून राज्यात सुटी सिगारेट विकायला मनाई आहे. माझ्यासमोर एक मुलगा आला आणि म्हणाला, "मामा, एक ओसीबी." मामांनी वहीतून एक कागद फाडून दिला. सुटा कागद. याला काय करणार?

"कुठला खपतो?" मी विचारलं.

"स्वादाचा नवीन पोरं घेतात, एकदा. मग साधाच नेतात."

तीन दिवसांच्या माझ्या संशोधनाचा निष्कर्ष मामांनी आठ शब्दांत, चुना मळता मळता सांगून टाकला.

आता रॅप. रॅप म्हणजे जाड वेष्टन. ही पद्धत न्यूयॉर्कची. तिकडच्या पोरांनी स्वस्तातली सिगार घ्यायची, उभी चिरायची, आतला माल टाकून द्यायचा, दुसरा भरायचा आणि पुन्हा मिटवायची. भरल्या वांग्याची रीत. पुढे कंपन्यांच्या लक्षात आलं की यांना वांगं नकोच आहे, साल हवीय. मग तंबाखूच्या चुऱ्याचा लगदा करून त्याचे तक्ते विकायला लागले, द्राक्षाच्या वासाचे, मधाच्या वासाचे. पुतण्याच्या खोक्यात एक चढा नमुना होता. झाडाचं अख्खं पान, नळीसारखं वळलेलं, तळाशी मक्याच्या कणसाच्या सालीचा फिल्टर. नावात 'पाम', पण पान ताडाचं नाहीच, कॉर्डियाचं, म्हणजे आपल्या भोकराच्या कुळातलं. पाकिटावर लिहिलेलं, नैसर्गिक पान, हाताने वळलेलं, कागदाशिवाय. पुतण्या ते मला अशा भक्तिभावाने दाखवत होता की माझ्याने राहवेना.

"अरे, ही विडी आहे."

"नाही काका, हा प्रीमियम लीफ रॅप आहे."

मी त्याला सिन्नर सांगितलं, संगमनेर सांगितलं, सोलापूर सांगितलं. उन्हाळ्याच्या तोंडावर गडचिरोली-गोंदियाच्या जंगलात पहाटे निघून तेंदूची पानं तोडायची, सत्तर पानांचा एक पुडा, असे हजार पुडे झाले की एक गोणी. मग सोलापुरात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई ते भिजवलेलं पान पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापते, चिमूट भरते, वळते, तोंड नखाने आत दुमडते, दोऱ्याचा वेढा देते. मजुरी हजार विड्यांवर. मी ट्रेडल मशीनवर हाताने कागद लावलेला माणूस आहे, वेगाचं मला सांगू नये, पण त्या बोटांपुढे मी हात जोडले होते. त्या पाकिटावर 'प्रीमियम' नसतं, 'हँड रोल्ड' नसतं. विडी ओढणाऱ्यालाही कुणी जाणकार म्हणत नाही. फार तर खोकरा म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. तेंदूचं पान धड जळत नाही, विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात, आणि सिगारेटपेक्षा जास्त विष आत जातं.

पण स्वादाची गंमत अशी की हीच आमची विडी अमेरिकेत पोचली तेव्हा तिलाही चॉकलेट लागलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिकडच्या शाळकरी पोरांमध्ये भारतीय विड्यांची टूम निघाली. आंबा, व्हॅनिला, स्ट्रॉबेरी, सगळ्या वासांच्या. १९९९ साली तिथल्या साथरोग खात्याला त्यावर अहवाल काढावा लागला. २०१४मध्ये तिथल्या अन्न-औषध खात्याने काही विड्यांची विक्री थांबवली. पुतण्याला हे पटेना. विडीला चॉकलेट लावणारे आपणच, आणि आता पानाची नळी दुपटीने विकत घेणारेही आपणच.

फिल्टरबद्दल मी जास्त हळवा आहे, कारण बावीस वर्षं मी स्वतःला 'मी फिल्टरचीच ओढतो' असं सांगत आलो. आमच्या आजोबांचा फिल्टर म्हणजे छापी. चिलमीच्या बुडाला गुंडाळायचं ओलं फडकं, आणि आत एक खडा. छापी रोज धुतली जायची आणि आजी ती वेगळ्या दांडीवर वाळत घालायची. फिल्टरची कंपनी, देखभाल आणि कुरकुर, तिन्ही आजीकडे. पुढे कारखान्यांचा फिल्टर आला. त्यावरचा तो बदामी, ठिपक्याठिपक्यांचा कागद आठवतो? ते बुचाच्या सालीचं सोंग आहे. कधी काळी टोकाला खरं बूच लावत. मग बूच गेलं आणि बुचाचं चित्र छापलेला कागद राहिला. छापखान्याची ही सेवा मला माहीत नव्हती.

त्याहून मोठं सोंग आतलं. ओढून झाल्यावर पांढरा फिल्टर तपकिरी होतो आणि आपण म्हणतो, बघा, केवढी घाण अडवली! १९५३ साली क्लॉड टीग नावाच्या सिगारेट कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञाने हेच लिहून ठेवलं होतं: ओढताना रंग बदलणारा फिल्टर केला, तर तो काम करतोय असं गिऱ्हाइकाला वाटेल. आणि केंट सिगारेटने तर १९५२ ते ५६ या काळात फिल्टरमध्ये निळा अ‍ॅस्बेस्टॉस घातला. होय, अ‍ॅस्बेस्टॉस, सायकल स्टँडच्या पत्र्यांचा चुलतभाऊ, आणि त्या घराण्यातला सगळ्यात वाईट चालीचा. फुप्फुसं वाचावीत म्हणून. मी खोक्यातली काचेची नळी मखमली पिशवीत परत ठेवली.

पुतण्याच्या मंडळींचा फिल्टर मात्र निरागस आहे. पुठ्ठ्याची चिंचोळी पट्टी, तिच्या एका टोकाला दोन-तीन घड्या, आणि उरलेली त्याभोवती गुंडाळी. याला ते रोच म्हणतात. गाळत काहीच नाही, फक्त तंबाखू तोंडात येऊ देत नाही आणि ओठ भाजू देत नाही. यासाठी ते वही विकत घेतात! आमच्या वेळी रेल्वेचं पुठ्ठ्याचं तिकीट होतं, टणक, छोटं, दोन बोटांत मावणारं. पुणे-लोणावळा परतीच्या प्रवासात काही मित्रांनी त्याचा याच कामासाठी उपयोग केला आणि स्टेशनबाहेर पडताना दंड भरला.

"काका, ही वही महाग पडते," पुतण्या म्हणाला. "तुमच्याकडे कटिंग निघत असेल ना? पत्रिकांचं?"

कागदाची स्तुती केली की मी वाहवत जातो. तो म्हणाला, हा पुठ्ठा फार मऊ आहे, घडीला फाटतो. मी म्हटलं, याला क्रीजिंग कुठे आहे, ग्रेन उलटा आहे. मग एका सोमवारी त्या रद्द झालेल्या पत्रिकांचा, नवऱ्या मुलाच्या मामांच्या चुकलेल्या आडनावाच्या, गठ्ठा कटिंग मशीनखाली घातला आणि त्याला चांगल्या दोनशे पट्ट्या करून दिल्या. दोनशे वीस जीएसएम, आयव्हरी, एका बाजूने सोनेरी. वर बजावलंही, तंबाखू सोड. तो हो म्हणाला. पट्ट्या मात्र घेऊन गेला.

काल दुपारी दादाचा फोन. दादा मला वर्षातून दोनदा फोन करतो, दिवाळीला आणि घरपट्टी भरायला.

"तुळशीच्या कुंडीत थोटूक सापडलंय," दादा म्हणाला. "टोकाला सोनेरी पुठ्ठा आहे. त्यावर काहीतरी छापलंय. 'लग्नाला याय' एवढंच लागतंय."

मी गप्प.

"उलटीकडे 'कुलस्वामिनी प्र' आहे."

मागून वहिनींचा आवाज आला, मला ऐकू जाईल इतपत हळू, "तरी म्हटलं, हे गच्चीवर तीन दिवस काय करत होते. इतक्या वर्षांनी परत सुरू केली हो भावजींनी. आणि पोराला सोबतीला घेतलं."